पेवातली ज्वारी गार, पत्र्याखालचा माणूस भाजतो

(परभणी जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर आणि पीक विम्यावर बोलणे झाले. आता जेवणे आटोपली, डोळे जड झाले, आणि अशा वेळी आम्हाला घर या विषयावर बोलायला उभे केले आहे. पत्रिकेत विषय छापला आहे 'जमिनीखालची घरे'. तो वाचून मागच्या रांगेतल्या एका बाबांनी विचारले, "जित्तेपणीच पुरायला निघालाव का आम्हाला?" तुम्ही सगळे हसलात, बरे झाले. पण ज्या कारणाने आम्ही हा विषय हाती घेतला ते कारण हसण्यासारखे नाही, तेवढे आधी सांगून टाकतो.

आम्ही तिघे भाऊ. गाव जिंतूरच्या डोंगरपट्ट्यात. जमीन थोडी काळी, बाकी मुरमाड बरड. काळीत कापूस, ओल राहिली तर रब्बीला ज्वारी. आमचे जुने घर धाब्याचे होते. १९९३ च्या भूकंपानंतर वडिलांनी भीतीने ते उतरवले आणि त्याच जागी विटांच्या भिंती घालून वर पत्रे टाकले. त्या वेळी साऱ्या गावाला वाटले, यांचे बरे झाले, पक्के घर झाले. त्याच पत्र्याखाली काही वर्षांपूर्वी ऐन वैशाखात आमची चुलती गेली. दुपारी बाजेवर पडली होती. सून चहा घेऊन गेली तर अंग तव्यासारखे तापलेले, बोलणे भलतेच. जीप मिळेपर्यंत, दवाखाना गाठेपर्यंत कारभार आटोपला. कागदावर लिहून आले, हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. हृदयक्रिया तर मरताना सगळ्यांचीच बंद पडते. ती कशाने बंद पडली ते लिहायला कागदावर जागा नव्हती.

चार दिवस आधी काकू म्हणाली होती, "तुमच्या आज्यानं ज्वारीला पेवात गार ठिवलं, अन् मला तुम्ही ह्या पत्र्याखाली ठिवलं. मला बी पेवात ठिवा की रं." आम्ही हसलो होतो. जसे तुम्ही आत्ता हसलात.

तेव्हा आज आपण पेवापासूनच सुरुवात करू. इथे बसलेल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाने पेव पाहिले आहे. पोरांनी फक्त 'पेव फुटले' हा शब्द ऐकला आहे. पांढरीत किंवा घट्ट मुरमात खाली खणत जायचे, तोंड माणूस उतरेल एवढेच, पोट मोठे. तळाला आणि कडेला कडबा, भुसा लावायचा, ज्वारी ओतायची, वर पुन्हा कडबा, मग माती आणि चिखलाने तोंड बंद. दुष्काळाच्या भीतीने दोन-दोन, चार-चार वर्षे ज्वारी अशी पडून राहायची. कडेची थोडी काळी पडायची, वास लागायचा, पण पोटातली ज्वारी शाबूत निघायची. आत भुंगा का जगत नव्हता? ज्वारी स्वतः श्वास घेते, हवेतला प्राणवायू संपवते आणि कर्बवायू सोडते. त्या हवेत किडा मरतो. त्याच हवेत माणूसही मरतो. म्हणून पेव उघडले की लगेच कोणी उतरत नसे. तोंड मोकळे ठेवायचे, कंदील दोरीने खाली सोडायचा, कंदील विझला तर माघारी फिरायचे. ही एवढी गोष्ट ध्यानात धरून ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

आता गारव्याचे पाहू. जमिनीखाली गार का लागते? खाली कोणी बर्फ ठेवलेला नाही. माती उष्णता हळू आत घेते, एवढेच. वरच्या मातीवर दुपारी अनवाणी पाय टेकवत नाही, पण तिथेच दीड फूट खाली रात्र आणि दिवस यांत फरक जवळजवळ उरत नाही. दिवसाचे ऊन तिथे पोचायच्या आत रात्र होते आणि ते परत फिरते. वर्षाचे ऊन मात्र जास्त खोल जाते. साधारण दहा फुटांवर वरच्या चढउताराचा चौथा हिस्सा उरतो, आणि तोही अडीच महिने उशिरा पोचतो. म्हणजे वैशाखातला कडाका दहा फूट खाली जाईपर्यंत वर श्रावण उजाडलेला असतो. पौषातली थंडी खाली पोचते तेव्हा वर शिमगा होऊन गेलेला असतो. वीस फुटांच्या खाली बारा महिने जवळपास एकच तापमान, आणि ते असते त्या मुलखाच्या वर्षाच्या सरासरीच्या आसपास. आपल्याकडे सव्वीस-सत्तावीस अंश. माती कोरडी की ओली, मुरूम की खडक, याने हे आकडे थोडे इकडे तिकडे होतात, पण चाल हीच. थंडीच्या दिवसांत पहाटे मोटार सुरू केली की विहिरीचे पाणी कोमट लागते आणि उन्हाळ्यात गार लागते. पाणी बदललेले नसते, आपले अंग बदललेले असते. हे तुम्हाला सांगायला शास्त्रज्ञ नको.

आता याच्या उलट पत्रा. पत्रा एका मिलिमीटरपेक्षाही पातळ. त्याला थांबणे माहीत नाही. उन्हात तो साठ अंशांच्या वर जातो आणि ती सगळी धग खाली डोक्यावर सोडतो. स्लॅबवाल्यांनी फार खूश होऊ नये. चार-पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन गिळतो आणि रात्री, तुम्ही पाठ टेकता तेव्हा, ते ओकतो. म्हणून स्लॅबच्या घरातली माणसे रात्री गच्चीवर आणि पत्र्याच्या घरातली माणसे दिवसा लिंबाखाली. घर कशाला बांधले मग?

जगात माणसाने हा हिशेब फार पूर्वी मांडलेला आहे. चीनच्या उत्तरेला पिवळ्या मातीचे प्रचंड पठार आहे. वाऱ्याने आणून टाकलेली ती माती कोरडी, उभी कापली तरी उभी राहणारी. शेन्शी, शान्शी, हनान या प्रांतांतले शेतकरी त्या मातीच्या कड्यात कमानीच्या खोल्या कोरून राहतात. कडा नसेल तिथे अंगणाएवढा चौकोनी खड्डा खणतात आणि त्याच्या चारी बाजूंना खोल्या कोरतात. या घरांना याओदोंग म्हणतात. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तीन-चार कोटी माणसे अशा घरांत राहत होती. राजेमहाराजे नव्हेत, आपल्यासारखेच बाजरी-गहू पिकवणारे कोरडवाहू शेतकरी. ट्युनिशियात मातमाता नावाचे गाव आहे, तिथेही असेच खोल अंगण आणि भोवती खोल्या. ऑस्ट्रेलियात कूबर पेडी नावाचे गाव आहे. १९१५ मध्ये तिथे ओपल नावाचे रत्न सापडले, खाणकऱ्यांनी खाणी खणल्या, आणि वरच्या उन्हाला कंटाळून खाणीतच राहायला गेले. आजही त्या गावातली सुमारे निम्मी माणसे जमिनीखाली राहतात. बाहेर पंचेचाळीस अंश असताना आत पंचवीसच्या आसपास, वीज न लावता. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा अमेरिकेलाही अक्कल आली. माल्कम वेल्स नावाचा तिथला एक वास्तुरचनाकार त्याच्या आधीपासून ओरडत होता की घरावर माती घ्या. त्या दहा वर्षांत तिथे मातीत दडवलेली बरीच घरे बांधली गेली. त्यांतली कित्येक गळली, तेही सांगायला हवे.

आणि दूर कशाला, अजिंठा-वेरूळ आपल्याच उशाला आहे. तिथल्या विहारांना आपण देवळे समजून हात जोडून येतो. विहार म्हणजे राहायची जागा. भिक्षू पावसाळ्याचे महिने एका जागी मुक्काम करीत, त्या मुक्कामाच्या या खोल्या. दगडाचे ओटे झोपायला. एप्रिलमध्ये चौथ्या प्रहरी त्यातल्या एका खोलीत पाच मिनिटे उभे राहा, बाकीचे भाषण ऐकायची गरज उरणार नाही.

इथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल, चला, उद्यापासून कुदळ मारू. थांबा. आता दुसरी बाजू.

चीनच्या त्याच पिवळ्या मातीत २३ जानेवारी १५५६ रोजी भूकंप झाला. रात्री. माणसे त्या कमानींच्या खोल्यांत झोपलेली. मातीचे कडेच्या कडे खाली बसले. तिथल्या बखरींत मृतांचा आकडा आठ लाख तीस हजार दिला आहे. माणसाच्या इतिहासात याहून जास्त बळी घेतलेला भूकंप नोंदलेला नाही. मातमाताचे काय झाले? १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथे अतोनात पाऊस झाला, खड्ड्यांत पाणी साठले, खोल्या ढासळल्या, आणि बरीच कुटुंबे वर नव्या गावात राहायला गेली. तो मुलूख वाळवंटाच्या कडेचा. आपल्याकडे साधारण वर्षी आठशे-नऊशे मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो. त्यांच्या खड्ड्याची नक्कल आपण केली तर पहिल्याच मृगात घरात बेडूक.

भूकंपाचे आपल्याला कोणी शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून माणसे निजली होती. पहाटे चार वाजायला चार मिनिटे. किल्लारी आणि भोवतालची, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातली गावे मिनिटभरात मातीचे ढीग झाली. आठ ते दहा हजार माणसे गेली. आमच्यापैकी थोरला तेव्हा चौदा वर्षांचा होता, वडिलांबरोबर भाकऱ्यांची गाठोडी घेऊन ट्रकमधून गेला होता. त्याने जे पाहिले ते तो अजून नीट सांगत नाही. एकच गोष्ट सांगतो. काही घरांत लाकडी खण जसेच्या तसे उभे होते. खांब उभे, तुळया जागेवर, आणि चारी बाजूंच्या भिंती मात्र बाहेर आत कोसळलेल्या.

हे का झाले, ते इथे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण त्या दिवसापासून सगळ्या मराठवाड्याने धाब्याला गुन्हेगार ठरवले आणि पत्र्याला सोडवणारा. धाब्याची भिंत दोन-अडीच फूट रुंद, पण ती एक भिंत नसे. बाहेरून एक दगडाचा थर, आतून एक, आणि मध्ये चिखल आणि दगडाच्या कपच्या. दोन्ही थरांना शिवणारा आडवा लांब दगड, गवंडी ज्याला हेडर म्हणतो, तो टाकायचे कष्ट बहुतेक ठिकाणी घेतलेले नव्हते. जमीन हलली की दोन थर एकमेकांपासून सुटले, फुगले आणि फुटले. आणि वर काय होते? मूळ बांधणाऱ्याने माती घातली असेल फूटभर. पुढे दर वर्षी रोहिणी नक्षत्रात गळती बुजवायला एक पाटी, दोन पाट्या पांढरी माती वर चढवत गेलो. जुनी कोणी काढली नाही. आजोबाची माती, त्यावर बापाची, त्यावर आपली. दहा बाय बाराच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे अकरा टनांच्या जवळपास ओझे. कापसाच्या भाषेत सांगायचे तर एकशे दहा क्विंटल. आपल्यातल्या कितीजणांना एका हंगामात एवढा कापूस होतो? तेवढे वजन डोक्यावर घेऊन आपण चिखलातल्या भिंतीच्या भरवशावर झोपत होतो.

म्हणजे माणसे मारली ती न बांधलेल्या भिंतीने आणि वरच्या ओझ्याने. मातीचा गारवा गुन्हेगार नव्हता. पण भीतीत एवढा फरक करायला वेळ कोणाला होता? आम्ही माती आणि गारवा दोन्ही एकाच ट्रॉलीत भरून गावाबाहेर टाकले.

काकू गेल्यावर पुढच्या वर्षी आम्ही एक खोली बांधायला घेतली. अकलेचे तारे तोडायचे तेवढे तोडून झाले, तेही ऐका, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. पहिली खोली आम्ही वस्तीच्या मागे सपाटीला, सरळ खड्डा करून बांधली. सहा फूट खाली, वर दोन फूट भिंत आणि पत्रे. उन्हाळा असा गेला की शेजारीपाजारी दुपारी आमच्याकडे झोपायला येऊ लागले. आम्ही मिशीला पीळ देऊन हिंडलो. आषाढात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी पहाटे धाकट्याची बायको उठली तर पायाला पाणी. वरून एक थेंब गळला नव्हता. पाणी जमिनीतून, भिंतीच्या दगडांतून आले होते. दोन दिवसांत गुडघाभर झाले, डिझेल इंजिन लावून उपसले, पुन्हा भरले. भाद्रपदात आमच्याच विहिरीत वाकून बघितले तेव्हा कळले, पाणी जमिनीपासून पाच फुटांवर होते. आणि आमच्या खोलीचा तळ सहा फुटांवर. आम्ही घर बांधलेच नव्हते, विहीर बांधली होती. पन्नास वर्षे त्या विहिरीचे पाणी पिऊन एकदाही हे डोक्यात आले नाही. खोली बुजवली. दगड तेवढे कामाला आले.

दुसरी खोली आम्ही टेकाडाच्या उताराला घेतली. आता तिचे जरा खुलासेवार सांगतो.

उतार उत्तरेकडचा निवडला. मागची बाजू टेकाडात कापली, चार फूट. पुढची बाजू जमिनीच्या बरोबर. म्हणजे पाण्याला बाहेर जायला पंप लागत नाही, ते आपल्या पायाने जाते. खणून निघालेला मुरूम दोन्ही बाजूंच्या भिंतींना बाहेरून खिडकीच्या उंचीपर्यंत उतरता लावला. त्यामुळे खोली चार फूटच खाली आहे, पण तीन बाजूंनी छातीपर्यंत मातीत बसली आहे. तोंड उत्तरेला. चिनी शेतकरी तोंड दक्षिणेला ठेवतो, कारण त्याला हिवाळ्याचे ऊन घरात हवे. आपल्याला ऊन पुरे झाले. पश्चिमेला तर भोकसुद्धा ठेवलेले नाही. मे-जूनमध्ये मावळतीचे ऊन उत्तरेकडून थोडे तिरपे येते, त्याला दारापुढे दोडक्याचा मांडव.

भिंत दगडाची, दीड फूट, सिमेंटच्या मालात. हेडर दर दोन फूट उंचीला आणि दर चार फूट लांबीला, मोजून. त्यासाठी आम्ही गवंड्याशी भांडलो, कारण लांब दगड घडायला त्याला वेळ लागतो. जोत्याला, खिडक्यांच्या वर आणि भिंतीच्या माथ्याला, असे तीन ठिकाणी सळी टाकून काँक्रीटचे पट्टे सगळ्या भिंतींवरून सलग फिरवले. पेटीला पट्टी मारतात तसे. भिंतीमागची माती पाऊस पिऊन फुगते आणि आत ढकलते, म्हणून खोली रुंदीला दहा फुटांपेक्षा जास्त केली नाही.

आणि सगळ्यात जास्त खर्च, सगळ्यात जास्त डोके लावले ते भिंतीच्या मागे, जे आता कोणाला दिसत नाही. भिंतीला बाहेरून शेततळ्याचा उरलेला काळा कागद लावला. त्याच्या मागे हातभर रुंदीचा चर ठेवून तो तळापासून वरपर्यंत दगडगोट्यांनी भरला. तळाला भोके पाडलेला पाइप, उताराने काढून पुढे आंब्याच्या आळ्यात सोडला. टेकाडावरून येणारे पाणी या चरात पडते आणि पाइपाने निघून जाते, भिंतीपर्यंत येतच नाही. खोलीच्या वरच्या अंगाला पाच पावलांवर एक नाली काढली, शेताला बांध घालतो तशी, वरचे पाणी वळवायला. मागच्या पावसाळ्यात पाइप आठ दिवस धो धो वाहत होता आणि आत ज्वारीचे पोते कोरडे होते.

छतावर आम्ही माती घातलेली नाही. किल्लारी पाहिलेल्या माणसाच्या घरात ती चढणार नाही, आणि चढू नये. पत्राच घातला, पण दोन फेऱ्यांत. वर पत्रा, मध्ये हातभर मोकळी जागा, खाली बांबूवर पऱ्हाटीची तट्टी आणि तिला आतून-बाहेरून शेणमातीचा लेप. मधल्या पोकळीत दोन्ही टोकांना वारा जायला वाट आहे, तिला जाळी मारली, नाहीतर उंदीर आणि त्यांच्या मागे साप. पत्र्याला वरून दर उन्हाळ्याआधी चुन्याचे दोन हात. तट्टी उघडी ठेवू नका, एक ठिणगी पुरे होते. वाळवीसाठी दर वर्षी लेप तपासावा लागतो, हे काम घरातल्या बाया करतात, आम्ही फक्त भाषणे करतो.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी तीन वाजता आम्ही उष्णतामापक घेऊन फिरलो. लिंबाच्या सावलीत चव्वेचाळीस. जुन्या घरात, पत्र्याखाली, सत्तेचाळीस. नव्या खोलीत बत्तीस. सत्तावीस नाही, कारण खोली चारच फूट खाली आहे आणि दार उघडझाप होते. पण बत्तीस अंशांत म्हातारे माणूस झोपते आणि संध्याकाळी उठून चहा मागते.

कूलर घ्या ना, असे तालुक्याला एक साहेब म्हणाले. घेतला असता. मोठा कूलर कोरड्या हवेत दिवसभर चालवला तर शंभर लिटरच्या वर पाणी पितो. मे महिन्यात आमच्याकडे टँकर तिसऱ्या दिवशी येतो. ते शंभर लिटर आणणार कोण? ज्या बाईला गारवा मिळावा म्हणून कूलर, तिनेच डोक्यावर हंडे आणून त्याला पाजायचे. आणि वीज दुपारी कधी जाईल ते ठरलेले नाही. दिल्लीजवळ गुआल पहाडी येथे टेरी या संशोधन संस्थेने जमिनीखाली चार मीटरवर सत्तर-सत्तर मीटर लांबीचे बोगदे टाकून त्यांतून हवा ओढून इमारत गार ठेवली आहे. युक्ती पेवाचीच आहे. आपल्या एका खोलीसाठी तेवढे खणण्यापेक्षा खोलीच खाली उतरवलेली स्वस्त पडते.

घरकुलाच्या योजनेत अशी खोली बसते का, हे अनेकांनी विचारले. आम्ही एका कार्यालयात विचारायला गेलो होतो. टेबलामागच्या गृहस्थांनी आमचा कागद उलटा धरून पाहिला आणि म्हणाले, यात जोते कुठे दिसते? जोते दिसले पाहिजे, त्याशिवाय फोटो काढता येत नाही, फोटो नाही तर हप्ता नाही. पंचवीस चौरस मीटर घर द्यायला सरकार तयार आहे, त्यात माणूस दुपारी बसू शकतो की नाही याचा रकाना नाही. ज्यांना घरकुल मंजूर आहे त्यांनी मंजूर नकाशाप्रमाणेच बांधावे, हप्ता अडकवून घेऊ नये. पण घर झाल्यावर पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीला बाहेरून कमरेएवढा मुरूम लावायला कोणाची परवानगी लागत नाही. त्या भिंतीमागे पाण्याची वाट मात्र आधी करा. आणि वीट साधी, पातळ असेल तर मुरूम लावू नका, ती भिंत तो रेटा घेणार नाही.

आता कंदिलाकडे परत येऊ. खाली बसलेल्या खोलीत जड हवा साठते. आमच्या खोलीला पुढे जमिनीलगत दोन झरोके आणि मागे माथ्याला दोन, असे समोरासमोर आहेत, आणि थंडीतही ते बुजवू देत नाही. चूल आत नाही. घमेल्यात निखारे घेऊन शेकायला कोणी आत बसायचे नाही, बाळंतिणीलासुद्धा नाही. आणि मुख्य म्हणजे फवारणीची औषधे आणि धान्यात टाकायच्या गोळ्या त्या खोलीत एक रात्रही ठेवायच्या नाहीत. त्या गोळ्यांतून निघणारा वायू हवेपेक्षा जड असतो, तो खालीच बसतो, आणि झोपलेला माणूसही खालीच असतो. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीने किती घरे बसली ते आपण विसरलेलो नाही. आमच्याकडे ज्वारीला गोळ्या टाकल्या की ती कोठी वेगळी, कुलूप वेगळे.

मघाशी एका ताईने विचारले, काळ्या रानात वस्ती आहे, तिथे जमेल का? नाही जमणार, ताई. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्या भेगेत आपला हात कोपरापर्यंत जातो. पावसात तीच माती फुगते. त्या फुगण्याने विहिरीचे बांधकाम सरकते, तिथे तुमच्या खोलीच्या भिंतीचे काय? जुन्या माणसांनी काळी पिकवायला ठेवली आणि पांढरीवर गाव वसवले, ते उगाच नाही. तुमच्यासाठी वरची तट्टी, चुना आणि पश्चिमेला सावली, एवढेच. त्यानेही फरक पडतो, आमच्या खोलीएवढा नाही, पण पडतो.

सापाचे विचारले. पहिल्या वर्षी एक आला. जाळी नीट बसवल्यावर आला नाही. जुन्या घरात किती यायचे त्याचा हिशेब आम्ही ठेवलेला नाही.

ज्यांना खरेच खणायचे आहे त्यांना आमची एकच विनंती. या वर्षी खणू नका. येत्या भाद्रपदात, पोळा झाल्यावर, तुमच्या जागेच्या सगळ्यात जवळच्या विहिरीत दोरीला दगड बांधून सोडा आणि पाणी किती फुटांवर आहे ते मोजा. जिथे खोली करायची तिथे कमरेएवढा खड्डा घ्या, सलग झड लागेल तेव्हा त्यात पाणी किती दिवस राहते ते बघा. वर काय माती, खाली काय, मुरूम किती फुटांवर लागला, तेही लिहा. हे सगळे कागदावर घेऊन दिवाळीनंतरच्या बैठकीला या. आमचा गवंडी त्या दिवशी आमच्याबरोबर येणार आहे. हेडरवरून आता तोच लोकांशी भांडतो.